हाकेचा माणूस

फॉर्मवरचे सगळे रकाने भरून झाले आणि गावची आशा कार्यकर्ती रोहिणी कांबळे हिचं बोट शेवटच्या रकान्यावर येऊन थांबलं.

"मामा, हाकेचा माणूस म्हणून कुणाचं नाव घालू?"

नरसूमामांना प्रश्न पहिल्या झटक्यातच कळला होता. कळला होता म्हणूनच त्यांनी तो पुन्हा विचारायला लावला.

"म्हंजे?"

"तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत राहणारं माणूस. यंत्राला काही वेगळं वाटलं, तर ते आधी त्या माणसाला कळवणार. त्यानं यायचं, तुम्ही बरे आहात का बघायचं. एवढंच काम."

"मुलगी हाय की माझी. वृषाली. नाशकात."

"नाशिक दहा मिनिटांत येत नाही, मामा."

नरसूमामा ओसरीवरून खाली बघत राहिले. त्यांचं घर सातवणवाडीच्या अगदी वरच्या अंगाला, पाण्याच्या टाकीखाली. तिथून सगळं गाव दिसायचं. साठेक घरं. त्यातली निम्म्याहून जास्त कुलपात, माणसं पुण्याला नाहीतर बेळगावला. उरलेल्या घरांत कोण राहतं हे त्यांना माहीत होतं, पण त्यातल्या कुणाच्या घरी ते कधी जेवले नव्हते, की कुणी त्यांच्या ओसरीवर येऊन टेकलं नव्हतं. सतराव्या वर्षी गाव सोडून ते इचलकरंजीला गेले आणि नगरपालिकेत चावीवाले म्हणून लागले. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं त्या हिशेबानं रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवत चाळीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर बायकोच्या, सुलाच्या, हट्टानं ते गावी परत आले. दोन वर्षांत सुला गेली. गावाला ते अजून 'इचलकरंजीवाले'च होते. वाटेत भेटले की रामराम व्हायचा आणि ज्याची त्याची वाट.

वृषालीचा फोन रविवारी सकाळी यायचा. त्याआधी नरसूमामा परसात जाऊन दोनदा-तीनदा खाकरून घ्यायचे. आठवडाभर न वापरलेला आवाज पहिल्या वाक्याला फाटायचा आणि लेकीला ते कळू नये असं त्यांना वाटायचं.

"लिव कुणाचंबी," ते शेवटी म्हणाले.

"कुणाचंही नाही लिहिता येत. ज्याचं नाव लिहू त्याची सही लागते." रोहिणीनं पेन पुन्हा उचललं. "बरं, तोवर माझंच घालते. पुढं बदलून घ्या."

"तुझं चालतंय?"

"चालवायचं. माझ्या नावावर आता अकरा जण झाले," ती म्हणाली आणि मान वर न करता फॉर्म पिशवीत सारायला लागली.

यंत्राचं नाव होतं 'जाग'. नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढी एक पांढरी डबी, घरात येणाऱ्या पाण्याच्या पाईपवर बसवलेली. तिला कॅमेरा नव्हता, माईक नव्हता. म्हाताऱ्या माणसांसाठी याआधी बरंच काही येऊन गेलं होतं. मनगटावरचे पट्टे आले, ते लोकांनी खुंटीला टांगले. कॅमेरे आले, त्यांच्यावर पंचे पडले. मग पुण्यातल्या काही संशोधकांच्या लक्षात आलं की एक गोष्ट माणूस न चुकता करतो आणि ती करताना कुणी बघतंय असं त्याला वाटत नाही. तो पाणी वापरतो.

तत्त्व साधं होतं आणि नरसूमामांना ते समजावून सांगायची गरज पडली नाही. नळ बंद केला की वाहतं पाणी एकदम अडतं आणि पाईपाला धक्का देतं. तो धक्का पाईपातून उलटा पळत जातो. न्हाणीतल्या नळाचा धक्का वेगळा, चुलीजवळच्या नळाचा वेगळा, कारण अंतरं वेगळी, वळणं वेगळी. डबीतला नाजूक पडदा ते धक्के ओळखायचा. दोन-तीन आठवडे ऐकून ती घराची सवय शिकायची, म्हणजे हा माणूस कधी उठतो, चहाला पाणी कधी घेतो, अंघोळीला किती घेतो, भांडी कधी घासतो. एखाद्या दिवशी पाणी सवयीप्रमाणं वागलं नाही की ती हाकेच्या माणसाला फोन करायची. बसवायला आलेल्या मुलानं हे सांगायला सुरुवात केली, तेव्हा नरसूमामा म्हणाले, "बाबा रे, मी चाळीस वर्षं हेच ऐकत आलोय. निस्तं कानानं."

आठवडाभरानं रोहिणीची स्कूटर फाटकाशी थांबली. ती खाली उतरलीसुद्धा नाही.

"मामा, सही पाहिजे. तुमचं नाव आलंय."

"कशात?"

"हाकेचा माणूस म्हणून. खालच्या आळीच्या आक्काताई नाईक आहेत ना, त्यांनी घातलंय."

"माझं? त्या मला वळखत न्हाईत."

"नाव तर पूर्ण सांगितलं. नरसिंग बाबू गवस, टाकीखालचं घर. नको असेल तर तसं सांगा, मी दुसरं विचारते त्यांना."

नरसूमामांनी तिच्या हातातलं पेन जवळजवळ ओढूनच घेतलं. निवृत्तीच्या कागदांनंतर त्यांनी कुठं सही केली नव्हती. सही मोठी आली, रकान्याच्या बाहेर गेली.

त्या संध्याकाळी ते घड्याळ बघून घरातून निघाले आणि खालच्या आळीपर्यंत उतरून गेले. सात मिनिटं. आक्काताईंच्या अंगणाबाहेर ते क्षणभर उभे राहिले आणि कुणी बघायच्या आत मागं फिरले. बाईमाणसाच्या घरी काम नसताना जायचं कसं? त्याही एकट्या, आपणही एकटे. चढ चढायला दहा मिनिटं लागली. सात आणि दहा हे आकडे त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवले.

पुढच्या महिन्यात एका सकाळी फोन वाजला आणि यंत्रातली ध्वनिमुद्रित बाई शांत आवाजात म्हणाली, "आक्काताई नाईक यांच्याकडे जाऊन या." नरसूमामा अंगात नुसता बनियन असताना धावत सुटले. अंगणात आक्काताई पाटीतल्या काजूच्या बिया उन्हात पसरत होत्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, वाळक्या पण ताठ. काजूच्या कारखान्यात जन्म काढल्यामुळं बोटांची टोकं चिकानं कायमची काळी पडलेली.

"आक्का, बरं हाय न्हवं?" धापा टाकत त्यांनी विचारलं.

"जित्ती हाय. काल बहिणीकडं ऱ्हायले हुते, आत्ता आलेय. त्या डबड्याला वाटलं असंल म्हातारी गेली." आक्काताईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बस. च्या टाकते. आणि त्यो टावेल घे खांद्यावर, गाव बघतंय."

चहा पिताना नरसूमामांनी महिनाभर मनात असलेला प्रश्न विचारला.

"माझंच नाव का घातलंसा?"

"तू पाचला उठतोस."

"तुमास्नी काय ठावं?"

"आरं, माझा नळ सांगतोय की! मी पाचला भांडं लावते. पाच-दहा मिनिटं धार चांगली असत्या, मग एकदम बारीक हुत्या. म्हंजे वर टाकीपाशी कुणीतरी नळ सोडला. आधी वाटायचं पाईप तुंबला. मग बगितलं तर रोजचंच. तीन वर्सं झाली. आपल्या पाईपवर घरं तीनच, आणि त्यो दत्तू सुतार सातच्या आत उठत न्हाई. म्या म्हनलं, ह्या गावात आपल्या येळेला जागं असलेलं एक माणूस तर हाय." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "पोराचं नाव घालायचं तर पोरगं पुण्यात. शेजारीण आठला उठती. मग कुणाचं घालू?"

सुला गेल्यापासूनची प्रत्येक पहाट नरसूमामांना आठवत होती. नळ सोडायचा, तांब्या भरायचा, मग कट्ट्यावर बसून उजाडायची वाट बघायची. त्या प्रत्येक पहाटे खाली कुणीतरी म्हणत होतं की उठला.

त्याच दुपारी ते शेजारच्या दत्तू सुताराच्या दारात गेले. पाच वर्षं शेजारी राहून हा पहिलाच उंबरा.

"दत्तू, माझ्या फॉर्मवर तुझं नाव घातलं तर चालंल काय?"

दत्तू रंधा मारत होता. पन्नाशीतला, कमी बोलणारा माणूस. "एवढंच न्हवं? लिवा की," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, "आधी का न्हाई आलासा?"

सुरुवातीच्या महिन्यांत 'जाग'चा अंदाज फार चुकायचा. आक्काताईंचा उपास असला की भांडी कमी, की फोन. लोणची घालायचे दिवस आले, बरण्या धुवायला पाणी जास्त गेलं, की फोन. पावसात त्यांनी पागोळ्यांखाली घागरी लावल्या आणि चार दिवस नळच सोडला नाही, तर चारही दिवस फोन. दर वेळी नरसूमामा खाली जायचे, चहा व्हायचा, इचलकरंजीच्या गल्ल्या निघायच्या, काजूच्या कारखान्यातला मुकादम निघायचा. गावातल्या लोकांनाही सवय झाली. "मामा, वाजलं?" असं वाटेत कुणी विचारायचं आणि मामा हात हलवून पुढं जायचे. एका रविवारी वृषाली फोनवर म्हणाली, "बाबा, आज आवाज छान वाटतोय तुमचा." खाकरायचं आपण कधी सोडलं हे त्यांना आठवेना.

पण यंत्र शिकत होतं. त्यानं उपासाचे वार ओळखले. पाऊस पडला की म्हातारी नळ सोडत नाही हे ओळखलं. बहिणीकडं जायची अमावास्यासुद्धा ओळखली. दिवाळी सरता सरता फोन यायचे थांबले. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. नरसूमामा सकाळी फोन कट्ट्यावर उताणा ठेवून बसायचे. आक्काताई बऱ्या आहेत याचा त्यांना आनंदच होता. पण बऱ्या असलेल्या बाईकडं जायला कारण काय सांगायचं?

चौथ्या आठवड्यात, सोमवारी, सकाळी आठला फोन वाजला. ते पळत खाली पोचले, तर आक्काताई पायरीवर बसलेल्या. शेजारी दोन कप, एकावर बशी झाकलेली.

"काय झालं, आक्का?"

"काय न्हाई. नळ सोडला न्हाई."

"का?"

"काल रातीच भरून ठेवलंतं."

नरसूमामांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. "म्हंजे मुद्दाम? आणि मी पळत आलो!"

"मग चालत याचं," आक्काताई म्हणाल्या आणि बशी काढली. "च्या निवला की."

तेव्हापासून सोमवार आणि गुरुवार ठरून गेला. ही युक्ती आक्काताईंनी देवळात शेजारणीला सांगितली, शेजारणीनं तिच्या हाकेच्या माणसाला. महिनाभरात सातवणवाडीतली निम्मी म्हातारी माणसं आपापल्या वारी रात्रीच घागरी भरून ठेवायला लागली. सकाळी आठ-नऊच्या सुमारास गावात काठ्या टेकत लगबग चालायची. ज्याच्या त्याच्या खिशात फोन वाजलेला, म्हणजे ज्याला त्याला कारण होतं. पूर्वी दिवस दिवस बंद असणारी दारं उघडी दिसू लागली. आपण यंत्राशी खोटं बोलतोय असं कुणाच्या मनात आलं असलं, तरी कुणी बोलून दाखवलं नाही.

पौषातल्या एका गुरुवारी फोन वाजला. सव्वाआठ झाले होते. नरसूमामा दाढीला बसले होते. "आलो, आलो," ते आरशातल्या आरशात म्हणाले आणि सावकाश दुसरा गाल घोटला. इस्त्रीचा सदरा काढून ठेवलेला होता. त्याचं एक बटण सैल होतं, ते त्यांनी सुईदोरा घेऊन पक्कं केलं. समोर दत्तू अंगणात फळी कापत होता. मग तोंड धुवायला त्यांनी नळ सोडला.

धार बारीक आली.

त्यांनी नळ बंद केला, पुन्हा सोडला. तशीच बारीक. खाली कुठंतरी नळ सुटलेला होता. पण त्यांच्या या पाईपवर तीनच घरं. एक त्यांचं. एक दत्तूचं, आणि दत्तू तर समोर करवत चालवतोय, त्याची बायको माहेरी गेलेली. तिसरं आक्काताईंचं. चहाचा गुरुवार असेल तर आक्काताईंचा नळ बंद असायला हवा.

नरसूमामांनी फळीवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक पाईपवर टेकलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबली. इचलकरंजीत रस्त्याखालची गळती ते अशीच शोधायचे. आतून एकसारखा सळसळाट ऐकू आला. माणूस पाणी वापरतो तेव्हा आवाज तुटतो. भांडं बाजूला होतं, हात मध्ये येतो. हा आवाज तुटत नव्हता. नळ सोडून ठेवलेला होता आणि तो बंद करायला कुणी येत नव्हतं.

"दत्तू!" ते ओरडले आणि तसेच, अर्धा साबण गालावर घेऊन, उतारावरून पळत सुटले.

न्हाणीचं दार आतून लावलेलं होतं. दाराखालून पाणी बाहेर येत होतं.

"आक्का!"

"हाय," आतून आवाज आला. बारीक, पण आला. "पाय हलंना."

दत्तूनं पटाशी घालून बिजागऱ्यांचे स्क्रू उपसले आणि दार उचलून बाजूला केलं. आक्काताई ओल्या फरशीवर कुशीवर पडल्या होत्या, ओठ निळे झालेले. नरसूमामांनी नळ बंद केला, कोरडं लुगडं आणि दोन गोधड्या त्यांच्यावर टाकल्या. मग दोघांनी त्यांना त्याच दारावर अलगद घेतलं आणि तसंच उन्हात आणलं. आरडाओरडा ऐकून आलेल्या रोहिणीनं रुग्णवाहिका मागवली. ती चंदगडहून यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ नरसूमामा त्यांचे तळपाय चोळत होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. गडहिंग्लजच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण अजून तासभर त्या थंड पाण्यात राहिल्या असत्या तर हाडाचा प्रश्नच उरला नसता.

चौथ्या दिवशी आक्काताईंचा मुलगा सुधाकर चहा आणायला खाली गेला, तेव्हा नरसूमामा खाटेजवळ सरकले. हे बोलल्याशिवाय त्यांना झोप लागणार नव्हती.

"आक्का, फोन सव्वाआठला आला हुता. मी पावणेनऊला निघालो. दाढी करत बसलो. बटन लावत बसलो. मला वाटलं, च्याचं हाय."

आक्काताई छताकडं बघत होत्या.

"वाटणारच की. त्या डबड्याला खोटं बोलायला मीच शिकवलं न्हवं."

"तरी पण. अर्धा तास, आक्का."

"अर्धा तास व्हय? मला लई मोठा वाटला." त्यांनी मान वळवली. "पर नरसू, एक सांगते. थंडी वाजत हुती, पाय दुकत हुता. भ्या वाटत न्हवतं. म्या म्हनत हुते, नरसू निघाला असंल, आता देवळापाशी आला असंल, आता वळणावर. पाच बारी तुला वरनं खाली आणला म्या. माझी सासू गेली तवा दोन दिवस कुणाला ठावं न्हवतं. भ्या त्याचं असतंय. कुणी येणारच न्हाई, त्याचं. तू उशीर केलास. पर येणार हुतास."

नरसूमामांनी तोंड फिरवलं आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. आक्काताईंनी त्यांना खुशाल बघू दिलं.

त्याच आठवड्यात पुण्याहून डॉक्टर समीना बागवान आल्या. 'जाग' ज्यांनी बनवलं त्यांच्यातल्या त्या एक. अपघाताची चौकशी हे एक काम होतं आणि दुसरं काम टॅबलेटवरच्या आलेखात होतं. नरसूमामांच्या ओसरीवर बसून त्यांनी तो दाखवला.

"मामा, आम्ही दोनशे गावांत हे यंत्र बसवलंय. सगळीकडे चुकीचे फोन महिन्यागणिक कमी होत गेले. यंत्र शिकतं ना. एकट्या सातवणवाडीत आधी कमी झाले आणि मग एकदम वाढले. तेही ठरावीक वारी, सकाळी आठ ते नऊ. आम्हाला वाटलं पाईपलाईनमध्ये दोष आहे. तुम्ही पाण्याच्या खात्यातले, म्हणून आधी तुमच्याकडे आले."

"पाईपलाईन चांगली हाय," नरसूमामा म्हणाले. "दोष आमचा." आणि त्यांनी पहिल्या झाकलेल्या बशीपासून पावणेनऊपर्यंत सगळं सांगून टाकलं.

समीनाताईंनी टॅबलेट बाजूला ठेवला. हसावं की रागवावं हे त्यांचं ठरत नसावं.

"नवीन यंत्र तयार आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यात हाकेचा माणूस नाही. काही बिघडलं तर सरळ रुग्णवाहिका. माणूस मधून काढला की उशीर होत नाही. हे तुमच्यासारखंच दुसरीकडे घडलं असतं तर मी लगेच सही केली असती."

"मग करा. माझ्यापायी त्यांचा जीव जात हुता."

"थांबा. अजून एक आकडा आहे. आम्हाला वाटलं होतं, ज्याच्यावर यंत्राचं लक्ष आहे त्याची तब्येत सुधारेल. ती थोडी सुधारली. पण ज्याचं नाव दुसऱ्यानं हाकेचा माणूस म्हणून लिहिलं, त्याची कितीतरी जास्त सुधारली. झोप, भूक, चालणं, रक्तदाब, सगळं. आम्ही हे मोजायला बसलोच नव्हतो. यंत्र बनवलं पडणाऱ्याला उचलायला, आणि उभा राहिला उचलायला जाणारा."

नरसूमामांनी बाजूला ठेवलेल्या टॅबलेटकडं बघितलं. मग म्हणाले, "बाई, मी शिकलेला न्हाई. पर ह्या गावात पाच वर्सं मला कुणी हाक मारली न्हवती. त्या फॉर्मवर माझं नाव आलं आणि मी माणसात आलो. तुमचे उपकार हायत. रुग्णवाहिका सरळ बोलवा, त्यात खोट न्हाई. पर नावाचा रकाना काढू नका. आणि खोटं बोलणं आमचं आम्ही थांबवतो. मी सांगतो सगळ्यांस्नी."

त्यांनी खरंच सांगितलं. देवळासमोर, ग्रामसभेत, आयुष्यात पहिल्यांदा दहा माणसांपुढं उभं राहून. आपण दाढी करत बसलो होतो हेही त्यांनी लपवलं नाही. रात्री घागरी भरून ठेवणं त्या दिवसापासून बंद झालं.

तिकडं दवाखान्यात सुधाकर आईला पुण्याला न्यायचं ठरवून बसला होता. पण रोज अकराच्या एसटीनं सातवणवाडीचं कुणी ना कुणी यायचं. कधी नरसूमामा, कधी दत्तू, कधी देवळाजवळची शेजारीण डब्यात नाचणीची आंबील घेऊन. पंधराव्या दिवशी त्यानं आईला विचारलं, "पुण्यात आमच्या मजल्यावर चार घरं आहेत. तू पडलीस तर त्यातलं कोण येईल सांगता येत नाही मला. तुझं काय म्हणणं आहे?"

"मला माझ्या घरी सोड," आक्काताई म्हणाल्या. "आणि वर्सातनं चार बारी येत जा. पडायची वाट बगू नगंस."

नवीन 'जाग' फाल्गुनात आलं. रुग्णवाहिका सरळ जोडलेली होती. फॉर्मच्या तळाशी नावाचा रकाना होता, पूर्वीपेक्षा थोडा मोठा. रोहिणी सांगत होती की तिच्या नावावर आता दोनच माणसं उरली.

आक्काताई वॉकर घेऊन घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नरसूमामांनी सदरा चढवला आणि दाराला कडी घातली. फोन खिशात होता आणि गप्प होता. वार मंगळवार होता.

दत्तूनं फळीतली करवत थांबवली.

"मामा, वाजलं काय?"

"न्हाई."

"मग कुटं?"

नरसूमामा वाटेवर उभे राहिले. खालच्या आळीत धूर वर चढत होता. कोपऱ्यावरच्या दोन बायकाही उत्तर ऐकायला थांबल्या होत्या.

"आक्काकडं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "काम काय न्हाई. जरा बसायला."

दत्तूनं क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. मग करवत तशीच फळीत अडकवून ठेवली आणि अंगावरचा भुसा झटकला.

"थांबा," तो म्हणाला. "मीबी येतो."